दिवा लागतो, ड्राइव्ह उघडत नाही
लिनक्सवर बिघडत्या बाह्य एसएसडीच्या निदानाचा आढावा

तालुक्याच्या गावात बाह्य एसएसडी बिघडली की सहसा दोनच निदाने कानावर येतात. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे एक आणि ‘गेली ती’ हे दुसरे. पहिल्यात डेटा जातो, दुसऱ्यात डेटासकट ड्राइव्ह. खरे तर या दोन निदानांच्या मधे किमान पाच निरनिराळे बिघाड बसतात. त्यांतले काही मुळात ड्राइव्हचे नसतातच. ते केबलचे, पोर्टचे किंवा केसिंगमधल्या एका बारक्या चिपचे असतात. बाहेरून मात्र सगळ्यांचे लक्षण सारखेच दिसते. दिवा लागतो, ड्राइव्ह उघडत नाही. किंवा उघडते आणि कॉपी अर्ध्यावर आली की गायब होते.

धर्माबाद हे लाल मिरचीच्या बाजारपेठेचे, तेलंगणाच्या सीमेला टेकलेले गाव. आडत दुकानाचे हिशेब, लग्नाचे शूटिंग, शिकवणीचे व्हिडिओ, स्कॅन केलेली जमिनीची कागदपत्रे असे बरेच काही आता इथेही खिशात मावणाऱ्या डबीत ठेवले जाते. निजामाबाद इथून नांदेडपेक्षा जवळ आणि हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ; पण डेटा रिकव्हरीची सुसज्ज प्रयोगशाळा हवी असेल तर मोठे शहरच गाठावे लागते. तिथला खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. म्हणून पहिले निदान गावातच आणि नीट होणे गरजेचे आहे.

या कामाला लिनक्स सोयीचे आहे, कारण जोडलेल्या ड्राइव्हशी काय बोलणे झाले आणि ते कुठे तुटले, हे त्याचा कर्नल ओळीओळीने लिहून ठेवतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारे बरेच जुने लॅपटॉप उबुंटू किंवा मिंटवर गेले, त्यामुळे लिनक्स आता अनेक घरांत आहेच. नसेल तर सिस्टिमरेस्क्यूसारखी लाइव्ह प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून विंडोजवाल्याचीही ड्राइव्ह तपासता येते. लिनक्सची तोंडओळख मराठीतून हवी असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ आहेत.

या विषयावर सल्ले भरपूर मिळतात आणि सुटे सुटे पाहिले तर त्यांतले बहुतेक बरोबरही असतात. घोटाळा होतो तो क्रमात. केबल बदलून पाहायच्या आधीच दुरुस्तीची आज्ञा दिली जाते आणि प्रत काढायच्या आधी फॉरमॅट होतो. आधी वाट तपासायची, मग प्रत काढायची आणि दुरुस्ती शेवटी, हा क्रम पाळला तर बराच डेटा वाचतो. पुढचा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

डबीत काय असते

फ्लॅश मेमरीचे जनक म्हणजे तोशिबाचे फुजिओ मासुओका. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅशची आणि १९८७ मध्ये नँड फ्लॅशची संकल्पना जगापुढे मांडली. आजच्या सगळ्या एसएसडी याच नँडवर चालतात. नँडच्या पेशीत विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो आणि त्याच्या पातळीवरून आकडा वाचला जातो. एका पेशीत एकच बिट ठेवले तर ती एसएलसी, दोन ठेवले तर एमएलसी, तीन टीएलसी आणि चार क्यूएलसी. बिट वाढले की मेमरी स्वस्त होते, पण पातळ्यांमधले अंतर कमी होते आणि आयुष्यही घटते. एसएलसी पेशी साधारण एक लाख वेळा लिहून-पुसून टिकते. टीएलसीचा आकडा एक ते तीन हजारांच्या घरात, आणि क्यूएलसीचा त्याहून कमी.

फ्लॅशमध्ये लिहिले जाते पानापानाने, पण पुसावा लागतो तो अख्खा ब्लॉक. म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर डेटा सतत इकडून तिकडे हलवत राहतो आणि कोणता सेक्टर सध्या कोणत्या पेशीत आहे याचा नकाशा स्वतःजवळ ठेवतो. हा नकाशा बिघडला तर गत सातबारा जळालेल्या गावासारखी होते. जमीन जागेवर असते, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगता येत नाही. एसएसडी एका क्षणात ‘मरते’, तेव्हा पेशी झिजलेल्या असतातच असे नाही. अनेकदा हा नकाशा किंवा तो सांभाळणारे फर्मवेअर कोसळलेले असते.

बाह्य ड्राइव्हमध्ये आणखी एक मध्यस्थ असतो. यूएसबीची भाषा साटा किंवा एनव्हीएमईमध्ये बदलणारी ब्रिज चिप. जेमायक्रॉन, एएसमीडिया आणि रिअलटेक या कंपन्यांच्या चिप बाजारातल्या बहुतेक केसिंगमध्ये सापडतात. म्हणजे तपासायच्या जागा पाच: केबल व वीज, ब्रिज, कंट्रोलर व फर्मवेअर, नँड पेशी, आणि या सगळ्यांवर बसलेली फाइल सिस्टिम.

आधी वाट: केबल, पोर्ट, वीज

यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेले असते, यूएसबी ३ चे ९००. पाच व्होल्टच्या हिशेबाने हे झाले अडीच आणि साडेचार वॅट. एनव्हीएमई ड्राइव्ह जोरात लिहीत असताना या मर्यादेच्या काठावर जाते किंवा ती ओलांडते. एकाच स्वस्त हबवर माऊस, पेन ड्राइव्ह आणि एसएसडी लटकवली की व्होल्टेज पडते आणि ड्राइव्ह मधेच निखळते. रास्पबेरी पाय ४ वर तर चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच असतात. तिथे ‘ड्राइव्ह खराब’ असे वाटण्यामागे अनेकदा वीज कमी पडणे एवढेच असते.

केबलचा फसवेपणा वेगळाच. टाइप-सीची चार्जिंगची केबल आणि डेटाची केबल दिसायला सारख्या असतात, पण चार्जिंगच्या बऱ्याच केबलींत यूएसबी २ च्याच तारा असतात. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा झाडाच्या स्वरूपात चालवली की प्रत्येक उपकरणापुढे वेग दिसतो. ४८०एम दिसले तर ड्राइव्ह यूएसबी २ वर चालली आहे. ५०००एम किंवा १००००एम दिसायला हवे. एवढ्याने ‘ड्राइव्ह स्लो झाली’ ही तक्रार निकालात निघू शकते.

हळू चालण्याचे एक निरोगी कारणही आहे. टीएलसी आणि क्यूएलसी ड्राइव्ह आपल्या काही पेशी तात्पुरत्या एसएलसीसारख्या वापरून सुरुवातीला झपाट्याने लिहितात. ती जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ मालिकेतल्या एक टेराबाइटच्या ड्राइव्हचा हा वेग कंपनीनेच सेकंदाला ८० मेगाबाइट असा सांगितला आहे. लग्नाचे दोनशे गिगाबाइट फुटेज उतरवताना अर्ध्यात वेग कोसळला, पण चुका आल्या नाहीत, तर तो बिघाड समजू नये.

कर्नलची वही जवळून

खरी उकल ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’मधून होते. एका टर्मिनलमध्ये कर्नलचा लॉग वाहता ठेवावा, ड्राइव्ह जोडावी आणि एक मोठी फाइल नुसती वाचून पाहावी. इंग्रजी ओळी भराभर सरकतात, पण त्यांत ओळखण्याजोगे चार-पाचच नमुने आहेत.

‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ अशी ओळ आली तर बोलणे सुरू होतानाच बिनसले आहे. उणे ७१ म्हणजे यूएसबीच्या संभाषणात गडबड, उणे ११० म्हणजे वाट पाहून उत्तर न येणे. इथे पहिला संशय केबल, पोर्टमधली धूळ आणि वीज यांच्यावर घ्यावा. दुसरी केबल, दुसरे पोर्ट आणि जमल्यास दुसरा संगणक, एवढे करून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘रिसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ ही ओळ दर काही मिनिटांनी येत असेल आणि तिच्या आगेमागे ‘यूएएस’, ‘अबॉर्ट’ असे शब्द असतील, तर ब्रिज चिपकडे पाहावे. यूएएस ही एकाच वेळी अनेक मागण्या पाठवण्याची वेगवान पद्धत. लिनक्समध्ये ती कर्नल ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून वापरात आली. काही ब्रिज ती येत असल्याचे सांगतात आणि भार आला की अडखळतात. त्या ब्रिजचा ओळख क्रमांक देऊन यूएएस बंद करणारी नोंद यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या ‘क्वर्क्स’ पर्यायात करता येते. वेग थोडा घटतो, ड्राइव्ह मात्र स्थिर चालते. या उपायावर जाणकारांत मतभेद आहेत. काही जण तो सरसकट सांगतात, तर काहींच्या मते तो कमी पडणारी वीज किंवा तापलेली चिप झाकून टाकतो. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. यूएएस बंद करून रिसेट थांबले तर प्रत काढून घ्यावी आणि केसिंग बदलावे. तडजोड करून तीच पेटी वर्षानुवर्षे वापरू नये.

‘एलएसबीएलके’मध्ये ड्राइव्ह दिसते पण आकार शून्य, ही तिसरी खूण. ब्रिज जिवंत आहे, पण त्याच्यामागचा कंट्रोलर उत्तर देत नाही. केसिंग उघडता येत असेल तर आतली एम-डॉट-टू किंवा अडीच इंची साटा ड्राइव्ह काढून थेट संगणकात किंवा दुसऱ्या केसिंगमध्ये लावून पाहावी. सॅमसंग टी५ मध्ये तर एमसाटा ड्राइव्हच बसवलेली असते. अनेक नव्या डब्यांत मात्र ब्रिज आणि मेमरी एकाच पाटीवर डाग देऊन बसवलेली असते. तिथे ही वाट बंद.

आणि शेवटची खूण सर्वांत गंभीर: ‘क्रिटिकल मीडियम एरर’ आणि तिच्यापुढे सेक्टरचा क्रमांक. याचा अर्थ संभाषण व्यवस्थित झाले आणि ‘या जागेवरचे मला वाचता येत नाही’ असे ड्राइव्हनेच कबूल केले. इथे केबलला दोष देण्यात वेळ घालवू नये. ही ओळ दिसली की ड्राइव्हवर एकही अक्षर न लिहिता थेट प्रतीच्या तयारीला लागावे.

प्रकृतीचा दाखला किती खरा

‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा ड्राइव्हने स्वतःबद्दल नोंदवलेले आकडे काढून देते. बाह्य ड्राइव्हच्या बाबतीत ती अनेकदा पहिल्या फटक्यात चालत नाही, कारण मधल्या ब्रिजला प्रश्न पुढे ढकलता यायला हवा. एनव्हीएमई केसिंगसाठी ही आज्ञा ज्या संचात येते त्या स्मार्टमॉनटूल्समध्ये जेमायक्रॉन, एएसमीडिया आणि रिअलटेक यांचे वेगवेगळे पर्याय आहेत. योग्य तो द्यावा लागतो. सीगेटच्या यूएएस पेट्यांसाठी तर कर्नलनेच ही वाट अडवून ठेवली आहे, कारण असा प्रश्न विचारला की त्यांतल्या काही पेट्या अडकून बसत. तेव्हा आकडे मिळाले नाहीत म्हणजे ड्राइव्ह खराब असा अर्थ होत नाही.

आकडे मिळाले तर सगळी यादी वाचायची गरज नाही. एनव्हीएमईमध्ये तीन पुरेत. शिल्लक राखीव जागा दाखवणारे ‘अव्हेलेबल स्पेअर’, झिजेचा अंदाज देणारे ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’. यातला तिसरा आकडा शून्याच्या वर गेला की सावध व्हावे. ‘अनसेफ शटडाउन्स’ म्हणजे वीज तोडून बंद झाल्याची मोजणी. ती हजारोंत असेल तर आपल्या सवयी तपासाव्यात. साटा ड्राइव्हमध्ये ५ आणि १८७ क्रमांकाच्या नोंदी पेशींबद्दल बोलतात. १९९ क्रमांकाची सीआरसी नोंद मात्र ब्रिज आणि ड्राइव्ह यांच्यातल्या जोडणीबद्दल बोलते. ती वाढत असेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर दोष केसिंगचा.

सगळ्यात वर ‘पास्ड’ असे लिहिलेले असते, त्यावर मात्र विसंबू नये. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या एसएसडींच्या सहा वर्षांच्या नोंदी अभ्यासून टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक निबंध मांडला. हार्ड डिस्कच्या तुलनेत एसएसडी कमी बदलाव्या लागतात, असे त्यात दिसले. पण पहिल्या चार वर्षांत निदान एक तरी न सुधारता येणारी चूक आलेल्या ड्राइव्हचे प्रमाण मॉडेलनुसार २० ते ६३ टक्के निघाले. शिवाय किती लिहिले यापेक्षा ड्राइव्हचे वय किती, हे अधिक महत्त्वाचे ठरले. घरच्या माणसासाठी याचा सरळ अर्थ असा की ‘आयुष्य ९५ टक्के शिल्लक’ ही ओळ फक्त झिजेबद्दल आहे. डेटा शाबूत राहण्याची हमी तिच्यात नाही.

आकड्यांच्या आधी ड्राइव्ह खरी आहे का, हेही पाहावे. काही हजारांत ‘१६ टेराबाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत अनेकदा ६४ किंवा १२८ गिगाबाइटचे मेमरी कार्ड असते आणि फर्मवेअर खोटा आकार सांगते. भरेपर्यंत सारे ठीक चालते. नंतरच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. मिशेल मशाडो यांची ‘एफ३’ ही लिनक्सवरची साधने पूर्ण जागा लिहून आणि वाचून ही फसवणूक उघडी करतात. हा तपास नव्या, रिकाम्या ड्राइव्हवरच करायचा. डेटा असलेल्या किंवा बिघडत्या ड्राइव्हवर तो करणे म्हणजे शेवटचा धक्का देणे.

फाइल सिस्टिमची दुखणी

वाट ठीक, पेशीही ठीक, तरी ड्राइव्ह उघडत नाही किंवा फक्त वाचण्यापुरती उघडते, तेव्हा प्रश्न बहुधा फाइल सिस्टिमचा असतो. बाजारातल्या बाह्य ड्राइव्ह बहुतेक एक्सफॅटमध्ये येतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचा तपशील खुला केला आणि २०२० च्या कर्नल ५.७ पासून सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. एक्सफॅट सगळीकडे चालतो, पण त्याला जर्नल नाही. लिहिता लिहिता केबल निघाली की अर्धवट नोंदी तशाच राहतात. एनटीएफएसची अडचण वेगळी. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये पूर्ण बंद होत नाही आणि ड्राइव्हवर ‘अस्वच्छ’ अशी खूण ठेवून जाते, मग लिनक्स ती उघडायला नकार देते किंवा लिहू देत नाही. यावर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे त्याच विंडोजवर ड्राइव्ह लावून संगणक नीट बंद करणे. ईएक्सटी४ चूक दिसताच स्वतःला केवळ-वाचन करून घेऊ शकते. तो तिचा शहाणपणा आहे. जबरदस्तीने पुन्हा लिहिण्याजोगी करू नये.

‘एफएससीके’ आधी चालवावे की नंतर, यावर सर्वाधिक गल्लत होते. ही आज्ञा फाइल सिस्टिमला सुसंगत करते. तुमच्या फाइली वाचवणे हे तिचे काम नाही. सुसंगतीसाठी ती संशयास्पद नोंदी खुशाल कापून टाकते. निरोगी ड्राइव्हवर अर्धवट अनमाउंटनंतर ती चालवायला हरकत नाही. मीडियम एरर देणाऱ्या ड्राइव्हवर मात्र ती कधीही चालवू नये. वाचता न आलेल्या जागी ती चुकीचे निष्कर्ष काढते आणि वर पुन्हा लिहिते. दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

फाइल चुकून पुसली गेली असेल तर तातडी आणखी वाढते. ट्रिमची आज्ञा गेली की त्या जागेची गरज नाही असे कंट्रोलर समजतो आणि पेशी मोकळ्या करू लागतो; मग कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर रिकामे शून्यच वाचते. उबुंटूसह अनेक वितरणांत ‘एफएसट्रिम’ आठवड्याला आपोआप चालते. यूएसबी ब्रिजमधून ट्रिम नेहमी पुढे जातेच असे नाही, पण त्या नशिबावर हवाला ठेवू नये. पुसल्याचे लक्षात येताच ड्राइव्ह काढून ठेवावी.

प्रत काढण्याची रीत

आंतोनियो दियाझ दियाझ यांचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे या कामाचे हुकमी साधन. साध्या कॉपीत एक खराब सेक्टर आला की काम तिथेच थांबते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येईल तेवढे सारे गोळा करते, अडखळणाऱ्या जागा टाळून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे वळते. काय मिळाले, काय राहिले याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवते. त्यामुळे ड्राइव्ह मधेच निखळली तरी ती पुन्हा जोडून, तिचे नाव बदलले आहे का ते पाहून, तिथूनच पुढे जाता येते. मॅपफाइल न देता ते चालवणे म्हणजे निम्मा फायदा सोडणे.

तयारी अशी. पूर्ण ड्राइव्ह मावेल एवढी मोकळी जागा असलेली दुसरी, निरोगी डिस्क घ्यावी. डेस्कटॉपचे आपोआप माउंट होणे बंद करावे. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे आकार व मॉडेल पाहून दोनदा ताडून पाहावे, कारण इथे अदलाबदल झाली की रिकामी डिस्क भरलेल्या ड्राइव्हवर लिहिली जाते आणि मग कोणाचाच इलाज चालत नाही. पहिली फेरी खरवडण्याचा टप्पा वगळून करावी. पडद्यावर ‘रेस्क्यूड’चा टक्का वाढत जातो, ‘रीड एरर्स’ची मोजणी दिसते आणि ‘टाइम सिन्स लास्ट सक्सेसफुल रीड’ हा आकडाही. हा शेवटचा आकडा मिनिटामिनिटाने वाढू लागला तर कंट्रोलर गोठला आहे. तिथे थांबवावे, ड्राइव्ह काढून थंड होऊ द्यावी आणि पुन्हा जोडून मॅपफाइलच्या आधारे चालू करावे. उलट दिशेने वाचण्याचा पर्यायही अशा वेळी उपयोगी पडतो.

पूर्ण प्रतिमा आधी की मोलाच्या फाइली आधी, हा खरा वादाचा मुद्दा. सामान्य नियम प्रतिमेचा, कारण फाइली उघडत बसल्याने ड्राइव्हवर उगाच ताण पडतो. पण ड्राइव्ह जोडल्यावर ठरावीक मिनिटेच जगत असेल, तर ती केवळ-वाचन माउंट करून गेल्या महिन्याचे हिशेब आणि न दिलेल्या लग्नाचे फुटेज एवढेच आधी उचलावे. काय गेले तर चालणार नाही, हे मालकाला विचारूनच कामाला लागावे.

प्रतिमा हाती आली की तिची आणखी एक प्रत करून दुरुस्ती त्या दुसऱ्या प्रतीवर. हरवलेले विभाजन शोधायला टेस्टडिस्क, फाइल सिस्टिमच उडाली असेल तर फोटोरेक. दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांची आणि मोफत. फोटोरेक फाइलींची मूळ नावे देत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे. कोणत्या फाइली बाधित झाल्या हे कळण्यासाठी डीडीरेस्क्यूच्या भरणी पद्धतीने खराब जागा एखाद्या ठरावीक मजकुराने भराव्यात आणि तो मजकूर कोणत्या फाइलींत सापडतो ते शोधावे.

कंट्रोलरच मेला असेल तर चिप काढून वाचण्याचे आमिष दाखवले जाते. सॅमसंगच्या टी मालिकेसह अनेक ड्राइव्हमध्ये सारा डेटा हार्डवेअरमध्येच कूटबद्ध होतो आणि किल्ली कंट्रोलरपाशी असते. तिथे चिप उपसून हाती काही लागत नाही. ड्राइव्ह फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा जुन्या हार्ड डिस्कच्या काळातला आहे. एसएसडीत त्याने फक्त दव साचते.

फर्मवेअरचे गुन्हे

ड्राइव्हच्या मृत्यूला वापरणारा जबाबदार नसतो, अशी नोंदलेली उदाहरणे बरीच आहेत. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह वीज गेल्यावर ८ मेगाबाइटच्या म्हणून दिसू लागल्या. क्रूशियल एम४ सुमारे ५,१८४ तास चालल्यावर दर तासाला गोठत असे. २०१२ मध्ये नवे फर्मवेअर आले. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले की त्यांच्या काही सर्व्हर ड्राइव्ह बरोबर ३२,७६८ तासांनी मरतील. २०२३ मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो आणि त्याच घराण्यातल्या काही बाह्य ड्राइव्ह अचानक निखळून डेटा गमावत असल्याच्या तक्रारी जगभर झाल्या; वेस्टर्न डिजिटलने काही मॉडेलांसाठी नवे फर्मवेअर दिले आणि अमेरिकेत खटले उभे राहिले. फायसनचा कंट्रोलर असलेल्या स्वस्त साटा ड्राइव्ह कधी कधी आपले नाव विसरून ‘साटाफर्म एस११’ या नावाने दिसतात. ही फर्मवेअर कोसळल्याची खूण आहे.

म्हणून निदानाच्या यादीत मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी आणि कंपनीच्या पानावर नवी आवृत्ती आहे का ते पाहावे. अपडेट मात्र प्रत काढल्यानंतरच. अर्ध्यात लाइट गेली तर उरलीसुरली आशाही जाते. वॉरंटीत कंपनी ड्राइव्ह बदलून देते, त्यातल्या डेटाची जबाबदारी घेत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ऊन आणि लाइट

मराठवाड्यातल्या माणसाचे दोन प्रश्न परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच सापडतात. पहिला उन्हाळ्याचा. जेईडीईसीच्या जेईएसडी२१८ या मानकानुसार, घरगुती एसएसडीने लिखाणाचे पूर्ण आयुष्य वापरून झाल्यावरही, वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. तापमान वाढले की ही मुदत झपाट्याने घटते. २०१५ मध्ये याच आकड्यांचा विपर्यास होऊन ‘एसएसडी कपाटात ठेवली की काही दिवसांत डेटा उडतो’ अशा बातम्या पसरल्या. हे आकडे मुळात सादर करणाऱ्यानेच नंतर खुलासा केला की नव्या ड्राइव्हला तो हिशेब लागू नाही. भीती अनाठायी असली, तरी भार ओसरणे हे खरे आहे. २०१४ मध्ये सॅमसंग ८४० ईव्हीओवर जुना डेटा वाचताना वेग कोसळू लागला, तो याच कारणाने. कंपनीला फर्मवेअरमध्ये जुना डेटा पुन्हा लिहिण्याची सोय करावी लागली. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिना काढणारी झिजलेली ड्राइव्ह संग्रहासाठी योग्य नाही. ठेवायचीच असेल तर थंड जागी ठेवावी आणि दर काही महिन्यांनी जोडून पूर्ण वाचून काढावी.

दुसरा प्रश्न विजेचा. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज लिहिता लिहिता मुद्दाम तोडून पाहिली. त्यांपैकी १३ ड्राइव्हमध्ये डेटा बिघडण्याचे कोणते ना कोणते प्रकार आढळले. आता चित्र धर्माबादेतल्या दुकानाचे घ्या. लॅपटॉपला जोडलेली ड्राइव्ह भारनियमनात वाचते, कारण बॅटरी आहे. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला जोडलेली ड्राइव्ह प्रत्येक वेळी त्याच प्रयोगाला सामोरी जाते. लिनक्सची भर वेगळी. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली तरी बराच डेटा अजून मेमरीत असतो. म्हणूनच ‘सेफली रिमूव्ह’ म्हटल्यावर मिनिटभर चक्र फिरते. त्या मिनिटात केबल ओढणे हे फाइल सिस्टिम बिघडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

काय करावे

सगळे धागे एकत्र धरले तर निर्णय सोपे होतात. केबल, पोर्ट किंवा केसिंग बदलून ज्या ड्राइव्हच्या चुका थांबल्या, ती खुशाल वापरावी. जिने एकदा ‘मीडियम एरर’ दिली, जी आपणहून केवळ-वाचन झाली किंवा शून्य आकार दाखवून परत आली, ती प्रत काढून निवृत्त करावी. फॉरमॅटनंतर ती काही आठवडे ठीक वागेल, पण हिशेबाच्या वा ग्राहकाच्या कामाला पुन्हा लावू नये. मेलेली ड्राइव्ह नीट पुसता येत नाही, म्हणून लोकांची कागदपत्रे ठेवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लिनक्सच्या लक्स या पद्धतीने कूटबद्ध केलेली ड्राइव्हच वापरावी आणि तिच्या हेडरची प्रत वेगळीकडे जपावी. हेडर बिघडला तर पासवर्ड माहीत असूनही काही उघडत नाही.

दुकानदारांना एक विनंती. ‘फॉरमॅट मारू का?’ हा प्रश्न विचारण्याआधी दुसरी केबल लावा आणि कर्नलचा लॉग एकदा वाचा. आणि वाचकांना दुसरी. एसएसडी हार्ड डिस्कसारखी टकटक करून आगाऊ सूचना देत नाही, तेव्हा ज्या फाइलींची प्रत एकाच डबीत आहे, त्यांची दुसरी प्रत साध्या स्वस्त हार्ड डिस्कवर का होईना, पण आजच काढून ठेवा.